शेतफेरी आणि नजरेचा सराव

पिकाचे मोठे नुकसान झाले म्हणजे गावोगाव एकच वाक्य ऐकावयास मिळते : "कालपर्यंत सारे ठीक होते, रोग एका रात्रीत आला." असे म्हणणारा शेतकरी खोटे बोलत नसतो. त्यास काल खरोखरीच काही दिसलेले नसते. तथापि कीड, रोग, जमिनीतील खार किंवा विहिरीची ओहोटी यांपैकी फारच थोड्या गोष्टी एका रात्रीत येतात. बहुतेक गोष्टी येण्यापूर्वी आठ-पंधरा दिवस, आणि जमिनीच्या बाबतीत तर वर्षानुवर्षे, आपली खूण देत असतात. ही खूण इतकी बारीक असते, आणि जेथे ती उमटते ती जागा आपल्या इतक्या परिचयाची असते, की डोळा तिच्यावरून सरळ पुढे निघून जातो.

गावी आलेला पाहुणा बांधावर उभा राहून म्हणतो, "तुमची लिंबे पिवळी पडलेली दिसतात." घरच्या माणसास आश्चर्य वाटते, कारण तो त्याच लिंबांखालून रोज दोन वेळा जात असतो. पाहुण्याचे ज्ञान अधिक असते असे नव्हे. पाहुण्याने ती झाडे वर्षापूर्वी पाहिलेली असतात, आणि घरच्या माणसाने काल पाहिलेली असतात. आपला डोळा आजची तुलना कालशी करतो, गेल्या महिन्याशी करीत नाही. आणि काल व आज यांतील फरक जवळजवळ शून्य असतो. असे तीस शून्य एकत्र येऊन शेत कसे बदलते हे उमगत नाही. सबब ज्यास बारीक बदल ओळखावयाचा आहे त्याने केवळ "डोळे उघडे ठेवतो" असे म्हणून भागत नाही. त्याच्यापाशी तुलनेसाठी एखादी पक्की खूण किंवा मोजलेला आकडा असावा लागतो.

गिधाडांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की गिधाडे उतरत, हे दृश्य एके काळी इतके नित्याचे होते की ती मोजावीत असे कोणास वाटले नाही. १९९० नंतरच्या काही वर्षांत ती दिसेनाशी झाली, आणि हे गावकऱ्यांच्या ध्यानात आले ते ढोरफोडीच्या जागी कुत्री वाढून दुर्गंधी सुटल्यावर. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात मात्र मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभु प्रकाश यांनी १९८० नंतरच्या दशकात गिधाडांची गणना करून ठेवलेली होती. दहा वर्षांनी पुन्हा मोजल्यावर केवढी घट झाली हे आकड्यांनिशी सांगता आले. पुढे २००४ साली याचे कारण प्रसिद्ध झाले. जनावरांस दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मृत जनावराच्या शरीरातून गिधाडांच्या पोटात जाई, आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. जनावरांसाठी या औषधावर २००६ साली बंदी आली. कीटोप्रोफेन व असिक्लोफिनॅक या दोन औषधांवर २०२३ साली आली. मेलोक्सिकॅम हे औषध गिधाडांस निर्धोक ठरले आहे. जुना आकडा हाती नसता तर हा शोध आणखी किती लांबला असता याचा वाचकांनीच विचार करावा.

कपाशीतील मिटलेले फूल

आता शेतात येऊ. २०१७ च्या खरिपात महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने कपाशीचे फार मोठे नुकसान केले. बीटी वाणांस आपल्या देशात २००२ साली परवानगी मिळाली व दोन जनुकांचे वाण २००६ साली आले. या काळात "बीटीस बोंडअळी लागत नाही" अशी समजूत दृढ झाली होती, आणि समजूत दृढ झाली की पाहणे थांबते. गुलाबी अळीने मात्र दोन्ही जनुकांच्या विषास तोंड देण्याची शक्ती हळूहळू मिळविली. गुजरातेत २०१५ च्या सुमारासच हे दिसून आले होते.

ही अळी डोळ्यास चकविणारी आहे. अंड्यातून बाहेर पडलेली बारीक अळी थोड्याच वेळात कळीत किंवा कोवळ्या बोंडात शिरते. बोंड वाढू लागले की शिरकावाचे छिद्र बुजून जाते. बाहेरून बोंड हिरवे, टणक व निरोगी दिसते. वेचणीच्या वेळी ते अर्धवट फुटते, आतून डागी कवडी निघते, आणि मग "एका रात्रीत आला" हे वाक्य उच्चारले जाते. प्रत्यक्षात अळी कित्येक आठवडे त्या शेतात नांदत असते.

परंतु बोंडापूर्वी फूल असते, आणि फुलात ती आपली खूण सोडते. पेरणीनंतर ४५ ते ५० दिवसांपासून, पाते व फुले लागू लागली म्हणजे, सकाळच्या वेळी शेतात जावे. निरोगी फूल सकाळी उमलते. ज्या फुलात अळी आहे त्याच्या पाकळ्या तिने काढलेल्या धाग्यांनी एकमेकींस चिकटतात, त्यामुळे फूल उमलत नाही. ते गुलाबाच्या कळीसारखे पिळलेले व मिटलेले राहते. यासच डोमकळी म्हणतात. नवशिक्याची येथे एक फसगत होते. कपाशीचे फूल पहिल्या दिवशी फिकट पिवळसर असते व दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन आपोआप मिटते. त्यामुळे तो प्रत्येक मिटलेल्या फुलास डोमकळी समजतो, किंवा उलट, डोमकळीस कालचे कोमेजलेले फूल समजून पुढे जातो. कोमेजलेले फूल रंगाने गुलाबी व स्पर्शास सैल असते. डोमकळी बहुधा पहिल्या दिवसाच्या रंगाची असून घट्ट पिळलेली असते. शंका आल्यास बोटांनी पाकळ्या सोडवून पाहाव्यात. आत अळी किंवा तिची बारीक विष्ठा मिळते. दहा-पंधरा फुले अशी उलगडून पाहिली म्हणजे नजर बसते आणि पुढे चालता चालताही डोमकळी ओळखू येते. हे व्याख्यानाने साधत नाही. यास्तव कार्यकर्त्याने चावडीवर चित्र दाखविण्यापेक्षा चार शेतकऱ्यांस कपाशीच्या ओळीत उभे करावे.

बोंडे धरू लागल्यावर नुसत्या नजरेवर विसंबता येत नाही. एकरी २० हिरवी बोंडे शेताच्या निरनिराळ्या भागांतून तोडून फोडून पाहावीत. वीस बोंडे गेली म्हणून हळहळणारे शेतकरी भेटतात. त्यांना पुढील वेचणीतील कवडीचा ढीग आठवून द्यावा. वीसांत एक किंवा दोन बोंडांत जिवंत अळी आढळली तर नुकसानीची पातळी गाठली असे समजून शिफारशीप्रमाणे उपाय योजावेत. एकरी दोन कामगंध सापळे लावून त्यांतील पतंग मोजावेत; सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी आठ पतंग सापडले तर तोही इशारा मानला जातो. सापळा लावणे आणि सापळा मोजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बांधावर सापळे टांगलेले पुष्कळ दिसतात, पण त्यांतील पतंगांचा हिशोब विचारला असता उत्तर क्वचितच मिळते. हंगाम संपल्यावर फरदड न ठेवणे व पऱ्हाट्यांची विल्हेवाट लावणे हेही याच कामाचा भाग आहे, कारण पुढील वर्षाचे पतंग तेथूनच निघतात.

फवारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहणे

त्याच २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले. कीड उशिरा दिसली की फवारणी घाईची होते. दोन-तीन औषधे एकत्र मिसळली जातात, आणि डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत शिरून ती मारली जातात. यास्तव पाहण्याचा हा धडा केवळ पिकापुरता मर्यादित ठेवणे बरोबर होणार नाही.

फवारणी करणाऱ्याने एकट्याने काम करू नये. बरोबरच्या माणसाने दर थोड्या वेळाने त्याच्या चेहऱ्याकडे व चालण्याकडे लक्ष द्यावे. नेहमीपेक्षा जास्त घाम, तोंडास सुटलेली लाळ, डोके जड होणे, मळमळ, अंधुक दिसणे, हातापायांचे स्नायू थरथरणे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होणे या खुणा आहेत. यांतील पहिल्या तीन-चार खुणा उन्हाने झाल्या असे समजून माणूस झाडाखाली निजतो, आणि तेवढ्यात मोलाचा वेळ जातो. शंका येताच काम थांबवावे, अंगावरील कपडे काढून शरीर साबणाने धुवावे, आणि औषधाच्या डब्यावरील चिठ्ठीसह रुग्णास त्वरित दवाखान्यात न्यावे. डबा बरोबर नेणे अगत्याचे आहे, कारण कोणते विष आहे हे कळल्यावाचून डॉक्टरांस उपचार ठरविणे कठीण जाते.

जमीन बोलते ती हळू

जमिनीचा बदल सर्वांत संथ, म्हणून तो ओळखणे सर्वांत अवघड. कालव्याच्या पाण्यावर ऊस घेणाऱ्या नीरा, कृष्णा, पंचगंगा या नद्यांच्या खोऱ्यांतील हजारो एकर काळी जमीन खारवट व चिबड झाली, ती कोणा एका शेतकऱ्याच्या एका चुकीने नव्हे. पाणी जास्त दिले गेले, निचरा झाला नाही, जमिनीखालील पाण्याची पातळी दरवर्षी वीतभर वर आली, आणि पाणी उडून गेल्यावर क्षार वर राहिले. उत्पन्न दरवर्षी थोडे थोडे घटले. पहिल्या वर्षी बियाण्यास दोष देण्यात आला, दुसऱ्या वर्षी खतास, तिसऱ्या वर्षी पावसास.

अशा जमिनीत पहिल्या खुणा पुढीलप्रमाणे दिसतात. हिवाळ्यात व उन्हाळ्याच्या आरंभी सकाळी सरीच्या वरंब्यावर राखेसारखी पातळ पांढरी झाक येते. पाणी दिले की ती नाहीशी होते, म्हणून शेतकरी तिला महत्त्व देत नाही. उसाची उगवण एखाद्या कोपऱ्यात विरळ होते, आणि तो कोपरा दरवर्षी थोडा मोठा होतो. पानांची टोके व कडा करपतात. शेजारच्या शेतात वाफसा आला तरी आपल्या शेतात दोन दिवस पाय रुततो. जमीन चोपण होऊ लागली असल्यास पांढरी झाक दिसत नाही. उलट पृष्ठभाग काळपट होतो, पावसाचे पाणी गढूळ होऊन साचून राहते, आणि वाळल्यावर ढेकळे दगडासारखी होतात. खारवट आणि चोपण यांतील हा फरक ओळखणे आवश्यक आहे, कारण जिप्सम चोपण जमिनीस लागते, तर निव्वळ खारवट जमिनीस मुख्यतः निचरा व क्षार धुऊन काढण्यास चांगले पाणी लागते. नजरेने संशय यावा आणि माती परीक्षणाने निर्णय व्हावा, असा क्रम असावा. सामू ८.५ च्या वर गेला किंवा मातीच्या अर्काची विद्युत वाहकता ४ च्या वर आली तर कारवाईस विलंब लावू नये.

येथे एक युक्ती सुचवावीशी वाटते. ज्या कोपऱ्यात उगवण विरळ आहे त्याच्या सीमेवर चार खुंट्या ठोकाव्यात आणि पुढील वर्षी त्या जागेवरूनच पाहावे. डाग खुंट्यांच्या बाहेर गेला असल्यास वादास जागा राहत नाही. खुंटी फुकट असते, आणि घरात भाऊ-भाऊ या विषयावर भांडत असतील तर तिचा उपयोग आणखी निराळा होतो.

पाने, पाणी आणि गोठा

पानांचा पिवळेपणा सर्वांस दिसतो, परंतु तो कोठून सुरू झाला इकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. खालच्या जुन्या पानांपासून पिवळेपणा चढत असेल तर बहुधा नत्राची उणीव असते, कारण झाड जुन्या पानांतील नत्र काढून नव्या पानांस देते. लोहास असे हलता येत नाही. म्हणून लोहाच्या उणिवेत शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडतात व त्यांच्या शिरा हिरव्या राहतात. चुनखडीच्या जमिनीतील उसात हे विशेष आढळते. हा भेद न पाहता युरिया टाकला तर पैसा जातो आणि पिवळेपणा राहतो. तुरीच्या बाबतीत पान केव्हा मलूल होते तेही पाहावे. दुपारी माना टाकून सायंकाळी सावरणारे झाड उन्हाने किंवा तहानेने त्रासलेले असते. जमिनीत ओल असूनही जे झाड सकाळीच मलूल दिसते त्यास मर रोगाचा संशय धरावा. खोड उभे चिरून आत तपकिरी-काळी रेघ आढळल्यास संशय पक्का होतो.

विहिरीचे पाणी काठावरून नेहमी सारखेच दिसते. काठावर एक जागा रंगाने नक्की करावी, दोरीस वजन बांधावे, आणि ठरावीक वारी, पंप चालू करण्यापूर्वी, पाण्यापर्यंतची खोली मोजावी. पंप बंद केल्यावर पाणी पूर्वपदावर येण्यास किती तास लागतात हेही लिहावे. पातळी घटण्यापूर्वी पुष्कळदा हा वेळच वाढलेला असतो. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात घेतलेले माप हाती असले तर रब्बीस गहू घ्यावा की हरभरा, हा प्रश्न अंदाजावर सोडावा लागत नाही.

गोठ्यात गायीचा माज साधारणतः दर २१ दिवसांनी येतो व जेमतेम एक दिवस टिकतो. गाय हंबरते, अस्वस्थ होते, स्वच्छ काचेसारखा चिकट स्राव टाकते. म्हैस यांपैकी पुष्कळ गोष्टी करीत नाही. तिच्या मुक्या माजाची खूण म्हणजे दूध थोडे कमी देणे, वैरणीकडे दुर्लक्ष, वारंवार थोडी थोडी लघवी. पहाटे व रात्री निवांतपणे पाहणाऱ्यासच हे समजते. सकाळी माज दिसल्यास सायंकाळी, आणि सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे. एक माज हुकला की तीन आठवड्यांचा खर्च अंगावर पडतो. धारेच्या पहिल्या चार पिळ्या काळ्या फडक्यावर घेतल्यास दुधातील बारीक गुठळ्या दिसतात, व कासदाह कास सुजण्यापूर्वीच ध्यानात येतो.

फेरी कशी करावी

आठवड्यातून एक वार ठरवावा व सकाळच्या उन्हात शेतात जावे. बांधावरून फिरणे म्हणजे शेतफेरी नव्हे. बांधालगतच्या ओळींस ऊन व वारा अधिक मिळतो, म्हणून त्या शेताचे खरे रूप दाखवीत नाहीत. मात्र पिठ्या ढेकणासारख्या काही किडी कडेवरूनच आत शिरतात, म्हणून कडही एकदा पाहावी. चार कोपऱ्यांच्या आत व मध्ये अशा पाच जागा घ्याव्यात. प्रत्येक जागी उभे न राहता खाली बसावे, कारण फुलकिडे, पांढरी माशी व अंडीपुंज पानाच्या खालच्या बाजूस असतात. मक्यात पोंग्याजवळ पाहावे. २०१८ साली आपल्या देशात प्रथम आढळलेली अमेरिकन लष्करी अळी आरंभी पानावर फक्त पापुद्र्यासारखे पांढुरके चट्टे करते. पोंग्यात भुश्यासारखी विष्ठा दिसेपर्यंत थांबल्यास अळी मोठी होऊन आत दडलेली असते.

शक्य असल्यास दोघांनी एकाच वाटेने जावे, मध्ये बोलू नये, आणि शेवटी आपापल्या नोंदी ताडून पाहाव्यात. एकास दिसलेली आणि दुसऱ्याच्या नजरेतून सुटलेली गोष्ट दोघांसही पुढे विसरत नाही. कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात याहून स्वस्त व उपयुक्त पाठ आमच्या पाहण्यात नाही.

निंदणी-खुरपणी करणाऱ्या स्त्रिया दिवसभर पिकात वाकून असतात. पानाची खालची बाजू, खोडाचा बुंधा व जमिनीवर गळलेली पाती त्यांच्या नजरेस प्रथम पडतात. तरी सभेचे निमंत्रण घरच्या पुरुषास जाते, आणि सायंकाळी मजुरी देताना "आज काय दिसले?" असे त्यांस कोणी विचारीत नाही. हा प्रश्न विचारण्याची प्रथा ज्या गावात पडेल तेथे किडीची वार्ता पाच-सात दिवस आधी मिळू लागेल, याविषयी आम्हांस शंका वाटत नाही.

वहीत "पीक ठीक" असे लिहू नये. त्या शब्दांचा पुढे काहीही उपयोग होत नाही. "पाच जागी मिळून १०० फुले पाहिली, डोमकळ्या ४, मागील आठवड्यात १" असे लिहावे. मोबाईलवरील छायाचित्र उपयोगी असते, परंतु ते दर वेळी त्याच जागेवरून व त्याच दिशेने घेतलेले असावे. २००८ साली विदर्भात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाल्यानंतर राज्याच्या कृषी विभागाने २००९ पासून पिकांवरील कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू केला, त्यातही काही शेते कायम ठरवून तीच पुनःपुन्हा पाहण्याची पद्धत ठेवली आहे.

ओळख न पटलेली खूण आढळल्यास नमुना घेऊन कृषी सहायकाकडे किंवा कृषी विज्ञान केंद्राकडे जावे. नमुना पूर्ण मेलेल्या झाडाचा नसावा, नुकत्याच बिघडू लागलेल्या झाडाचा, शक्यतो मुळांसह असावा, आणि सोबत त्याच शेतातील एक निरोगी झाड घ्यावे. तो वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळावा. प्लास्टिकच्या पिशवीत पाणी सुटून पाने कुजतात. कागदावर शेताचा गट क्रमांक, पेरणीची तारीख, वाण, शेवटची फवारणी कोणती व केव्हा केली, आणि खूण प्रथम कोणास व कोणत्या दिवशी दिसली, एवढे लिहिण्यास विसरू नये.